द्राक्षाचा सुगंध येतो कुठून? आणि खाताना तो जाणवत का नाही?

नाशिकची थॉमसन सीडलेस द्राक्षं तोंडात टाकली की गोडवा लगेच कळतो, वास मात्र जवळजवळ नसतोच. याउलट काळी बंगळुरू ब्लू द्राक्षं घरात आणली की लगेच कळतं. या वाणाचं नातं लॅब्रुस्का या अमेरिकन प्रजातीशी आहे आणि तिच्या खास वासामागे मिथाइल अँथ्रानिलेट हे रसायन असतं.

मस्कट द्राक्षांचा फुलांसारखा वास वेगळ्या रसायनांचा, म्हणजे टर्पीनांचा. त्यातलं लिनालूल धन्यातही असतं आणि जिरॅनिऑल गुलाबात. वेल साखरेपासून मिळालेले छोटे रेणू जोडून टर्पीनं बनवते. मस्कटमध्ये या साखळीतल्या सुरुवातीच्याच एका एन्झाइमच्या जनुकात छोटासा बदल झालेला आहे. त्यामुळे कच्चा माल जास्त तयार होतो आणि पुढे सुगंधही.

पण खरी गंमत यापुढे आहे. मणी यातली बरीचशी टर्पीनं साखरेच्या रेणूला बांधून पेशीत साठवून ठेवतो. बांधलेला रेणू हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोहोचतही नाही. वाइन बनताना यीस्ट, एन्झाइम आणि आम्ल यांच्यामुळे ही गाठ हळूहळू सुटते. रसात न जाणवलेला वास वाइनमध्ये येतो तो असा.

सगळेच वास मणी पिकताना वाढतात असं नाही. कॅबरने सोव्हिन्यों आणि सोव्हिन्यों ब्लाँ या वाणांत ढोबळी मिरचीसारखा वास देणारी पायराझिन नावाची संयुगं असतात. एका लिटर पाण्यात साधारण २ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन अब्जांश, एवढ्यानेही हा वास ओळखता येतो. ती मणी हिरवा असतानाच साठतात आणि मण्यात पाणी उतरल्यावर कमी होऊ लागतात. कोवळ्या घडावर ऊन पडलं तर ती मुळात कमी साठतात. म्हणून काही बागायतदार घडाजवळची पानं लवकर काढतात. मात्र ऊन जास्त झालं तर मणी करपतात, आणि रिस्लिंगसारख्या वाणात पुढे वाइनला रॉकेलसारखा वास येऊ शकतो.

त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी कधी करायची, हा प्रश्न अवघड होतो. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजतो, सुगंध नाही. उष्ण भागात साखर लवकर भरते, सुगंध मागे राहू शकतो. थांबावं तर आम्ल घटतं. म्हणून आकडा पाहिल्यावरही वाइनमेकर बागेत फिरून मणी चावून बघतात.