कलकत्ता-२३ ते ७०००२३

कोलकात्याच्या खिदिरपूर भागात १८९२ पासून गोदी आहे. आणि जेथे गोदी तेथे पेढ्या, दलाल व टपाल यांचा राबता असावयाचाच. तेथील पत्रव्यवहारावर पूर्वी ‘कलकत्ता-२३’ असे लिहीत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला आणि त्या भागाचा क्रमांक ७०००२३ झाला. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी, आणि संस्कृतचे कवीही. जुना २३ नव्या संख्येच्या पोटात सुखरूप राहिला, ही तिची खुबी. छापील कागद टाकून देण्याचे कारण नव्हते; अलीकडे ७००० लिहिले की झाले!

इंटरनेटच्या पत्त्यांचे स्थित्यंतर इतके सुखाचे नाही. १९८१ मध्ये ठरलेल्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते मावत. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. सहाव्या आवृत्तीत पत्ते विपुल, परंतु केवळ चौथी जाणणाऱ्या यंत्रास ते उमगत नाहीत. म्हणून व्यापारी पेढीस दोन्ही पद्धती काही काळ शेजारी नांदवाव्या लागतात. त्याआधी प्रत्येक संगणकाची, राउटरची, जुन्या हिशेबी प्रणालीचीसुद्धा मोजदाद करणे आले. घातक चूक होते ती पहाऱ्यात. जुन्या पत्त्यांसाठी लिहिलेले फायरवॉलचे नियम नव्यांस आपोआप लागू होत नाहीत. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी गत होते. आणि पुष्कळ संगणकांत सहावी आवृत्ती मालकाच्या नकळत आधीपासूनच चालू असते.