तारेवरचा पंचनामा

मेनफ्रेम संगणक आणि दूरच्या टर्मिनलमधला संवाद तुटला की पहिला वाद दोष कोणाच्या पदरात घालायचा यावर होतो. संगणक एका कंपनीचा, तार टेलिफोन खात्याची, मोडेम तिसऱ्याचा आणि टर्मिनल चौथ्याच्या टेबलावर. प्रत्येक जण आपल्या हद्दीत चाचणी घेतो आणि सगळे ठीक असल्याचे सांगतो. हा वाद मिटवण्यासाठी तारेवरून काय गेले आणि कोणत्या क्षणी गेले, याची नोंद पकडून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अशा नोंदीला ट्रेस म्हणतात. जे दिसले तेवढेच लिहायचे आणि तर्क नंतर करायचा, म्हणून तो एक प्रकारचा पंचनामाच.

या इतिहासात गोव्याची जागा तारेच्या टर्मिनलकडच्या टोकाला आहे. यजमान संगणक बहुधा मुंबई, दिल्ली किंवा त्याहून दूर. पेडणे आणि डिचोलीसारख्या तालुक्यांच्या वाट्याला खिडकी, कारकून आणि न हलणारा पडदा. भारतातल्या सुरुवातीच्या मोठ्या यंत्रांना तर तारेची गरजच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा गोवा मुक्त होऊन तीनच वर्षे झाली होती. त्या काळात माहिती छिद्रपत्रांच्या गठ्ठ्यांतून हातोहात जाई. बिघाड झालाच तर तो त्याच इमारतीत सापडे.

आयबीएमने १९७४ साली एसएनए ही जाळ्याची रचना जाहीर केली आणि एकाच संगणकाला शेकडो टर्मिनल्स जोडणे नेहमीचे झाले. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, परकीय चलन कायद्याच्या वादातून आयबीएमने भारतातला कारभार गुंडाळला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. पुढे याच सीएमसीने मोठ्या शहरांना जोडणारे इंडोनेट उभारले. तार आणि यंत्र यांच्या सीमेवरचे दुखणे शोधणे हे तेव्हापासून इथल्या अभियंत्यांचे रोजचे काम झाले.

ते काम कसे चाले हे एका साध्या नोंदीवरून कळते. एसएनएच्या जाळ्यात तारेवर वापरल्या जाणाऱ्या एसडीएलसी पद्धतीत यजमानाकडचा नियंत्रक एकेका टर्मिनल-केंद्राला नाव घेऊन हाक मारतो. ट्रेसमध्ये ‘सी१ ९३’ दिसले, तर सी१ हा केंद्राचा पत्ता आणि ९३ म्हणजे ‘जोडणी सुरू कर’. उत्तरात ‘सी१ ७३’ आले की मान्यता मिळाली. पण पानभर ‘सी१ ९३’ हीच ओळ ठरावीक अंतराने येत राहिली आणि मध्ये काहीच नसले, तर यजमान हाका मारतो आहे आणि समोरून ओ येत नाही, हे सिद्ध होते. मग शोध मोडेम, केबल किंवा बंद पडलेला वीजपुरवठा यांच्याकडे वळतो, मेनफ्रेमवाले सुटतात. उलट ७३ येऊनही सत्र उघडणाऱ्या बाइंड या पुढच्या आज्ञेला नकार मिळाला, तर तार निर्दोष ठरते आणि सत्राच्या ठरवलेल्या अटी तपासाव्या लागतात. नकारासोबत येणारा ०८२१ हा संकेत नेमके तेच सांगतो.

ट्रेस वाचणाऱ्याला आणखी एक सवय लावून घ्यावी लागे. मेनफ्रेम अक्षरे एब्सिडिक संकेतात लिहितो. पेडण्याचे रोमन लिपीतले नाव त्यात डी७ सी५ डी९ डी५ सी५ डी४ असे दिसते. हेच बाइट अॅस्की या दुसऱ्या संकेतातले समजून वाचले तर हाती कचरा लागतो, आणि नवख्याला वाटते की तारेवर माहिती बिघडली. अनुभवी माणूस ४० या बाइटांची रांग पाहूनच ‘ही रिकामी जागा’ म्हणून पुढे जाई.

नोंद पकडण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे तारेवरच डेटास्कोप नावाचे उपकरण लावणे. दुसरा म्हणजे खुद्द यजमानालाच लिहायला लावणे: व्हीटॅम या संवाद सांभाळणाऱ्या प्रणालीतील बफर ट्रेस, नियंत्रकातील लाइन ट्रेस, आणि त्या सर्वांची जीटीएफ या नोंद-सुविधेत साठवण. दुसरा मार्ग फुकटचा वाटला तरी तो संगणकाचाच वेळ खाई. शिवाय साठवणीची जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जात आणि नेमकी हवी ती घटना हातची जाई. म्हणून ट्रेस कधी सुरू करायचा यापेक्षा कधी थांबवायचा, हे ठरवण्यातच खरे कौशल्य होते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट या सरकारी जाळ्याने जिल्ह्यांची ठिकाणे उपग्रहाने जोडायला घेतली. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांसाठी ते ठिकाण म्हणजे पणजी. उपग्रहामुळे एक नवे दुखणे सर्वत्र आले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. साध्या एसडीएलसीत सात चौकटी पाठवल्या की पोचपावतीसाठी थांबावेच लागते. ६४ केबीपीएसच्या दुव्यावर २५६ बाइटांच्या सात चौकटी पाव सेकंदाच्या आत संपतात. उरलेला वेळ दुवा रिकामा बसतो. १९९० च्या दशकात अशा दुव्यांवरून परदेशी मेनफ्रेमवर काम करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना हा हिशेब चांगलाच ठाऊक होता. ‘लाइन मंद आहे’ ही तक्रार खरी असे, पण लाइनमध्ये बिघाड नसे. उपाय होता पोचपावतीशिवाय १२७ चौकटींपर्यंत जाऊ देणारी विस्तारित मोजणी.

गोव्यातल्या सामान्य माणसाची दूरच्या संगणकाशी गाठ पडली ती रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर. दिल्लीत १९८६ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था व्हॅक्स यंत्रांवर चाले. ती काटेकोर अर्थाने मेनफ्रेम नव्हती, पण खिडकी आणि यजमान यांचे नाते तेच. १९९९ पर्यंत या आरक्षणाची पाचही प्रादेशिक केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, २६ जानेवारी १९९८ ला, कोकण रेल्वे सलग धावू लागली. रुळांच्या कडेने प्रकाशतंतू केबल गेली आणि गोव्याच्या उत्तर टोकाला दूरसंचाराचा एक भक्कम मार्ग मिळाला.

एव्हाना मेनफ्रेमनेही टीसीपी/आयपी स्वीकारले होते आणि ट्रेसची हत्यारे पालटली होती. नेटवर्क जनरलचे स्निफर १९८६ चे, टीसीपीडंप १९८८ चे, इथेरियल १९९८ चे. इथेरियल २००६ पासून वायरशार्क या नावाने ओळखले जाते. मेनफ्रेमचा स्वतःचा पॅकेट ट्रेस आयपीसीएस या विश्लेषण-साधनात वाचता येतो आणि स्निफरच्या स्वरूपातही काढता येतो, त्यामुळे दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवता येतात. या काळातले एक नेहमीचे दुखणे असे: कारकून जेवून परत येतो आणि टर्मिनल गोठलेले असते. यजमानाच्या नोंदीत जोडणी जिवंत असते, खिडकीकडच्या नोंदीत तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवलेले दिसते. मधल्या फायरवॉलने शांत बसलेली जोडणी कोणालाही न कळवता आपल्या यादीतून काढलेली असते. एकाच टोकाची नोंद घेतली असती, तर आळ पुन्हा भलत्यावरच आला असता.

पेडणे तालुक्यातच मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. विमानासोबत आरक्षण आले, आणि आरक्षण ही मेनफ्रेमची जुनी मिरास आहे. विमान तिकिटांची सेबर ही आरक्षण व्यवस्था १९६० च्या दशकातच आयबीएमच्या यंत्रांवर उभी राहिली होती. आज अशा बहुतेक संवादावर टीएलएस या कूटबद्धीकरणाचे कुलूप असते, म्हणून तारेवर पकडलेल्या नोंदीत फक्त पत्ते, वेळा आणि लांबी कळते. मजकूर हवा असेल तर तो कूटबद्ध होण्याआधी यजमानातच पकडावा लागतो, आणि त्यात प्रवाशांची नावे, वये, फोन क्रमांक येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा केल्यापासून अशा फायली बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवणे जोखमीचे झाले आहे. टीसीपीडंप पूर्वी प्रत्येक पॅकेटचे पहिले ६८ बाइटच ठेवत असे, तेव्हा कारण जागेची काटकसर होते. शीर्षापुरतीच नोंद ठेवण्याची ती रीत आता गोपनीयतेसाठी पाळली जाते, आणि निदानाची बरीचशी कामे तेवढ्यावर भागतात.