उपासना व उपासनास्थान, ख्रिस्ती

ईश्वराची खरी उपासना एखाद्या पवित्र स्थळाशी निगडित असते की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात त्याच्या आरंभापासून विचारला गेला आहे. धर्मशास्त्रात त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. इतिहासात मात्र ते कधीच इतके सोपे राहिले नाही. महाराष्ट्रात तर त्याला एक निराळे वळण लागले. येथे ‘उपासना कोठे करावी’ या प्रश्नाआड ‘ती कोणासोबत करावी’ आणि ‘करताना दार उघडे ठेवावे की लावून घ्यावे’ हे प्रश्न उभे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात यांतील शेवटच्या प्रश्नावरून एक नामांकित शिक्षणसंस्था मोडण्याच्या बेतास आली होती.

या विचाराचा मूलाधार म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील येशू व शोमरोनी स्त्री यांचा संवाद होय. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या स्त्रीकडे येशू प्यावयास पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी असा व्यवहार ठेवीत नसत, म्हणून तिला या मागणीचेच नवल वाटते. पुढे ती दोन्ही समाजांतील जुना वाद काढते. तिच्या पूर्वजांनी गरिज्जीम डोंगरावर उपासना केली. यहुदी यरुशलेम हेच योग्य स्थान मानतात. हा वाद केवळ पोथीतला नव्हता. गरिज्जीमवरील मंदिर यहुदी शासक योहान हिर्केनस याने इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केले होते. येशूच्या उत्तराचा आशय असा, की यापुढे उपासना त्या डोंगराशीही बांधलेली राहणार नाही आणि त्या नगराशीही. ईश्वर आत्मस्वरूप असल्याने त्याला हवी असते ती आत्म्याने व सत्याने केलेली उपासना. मराठी वाचकास या प्रसंगातील पाण्याचा तपशील डोंगराच्या वादापेक्षा अधिक बोलका वाटला, तर त्यात नवल नाही.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. तेव्हा ख्रिस्ती मंडळ्या भूमध्य समुद्राच्या काठच्या नगरांतून घरोघरी जमू लागल्या होत्या. त्यांना स्वतःचे मंदिर नव्हते आणि त्याची उणीवही त्यांना भासत नव्हती. सिरियातील ड्युरा-युरोपस येथे तिसऱ्या शतकातील असे एक घर उत्खननात सापडले आहे. ते राहते घरच होते; आतील एक खोली स्नानसंस्कारासाठी राखून ठेवलेली होती. इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्मास राजमान्यता मिळाल्यानंतर भव्य वास्तू उभ्या राहू लागल्या आणि तीर्थयात्रा सुरू झाल्या. धर्मसुधारणेच्या काळात वास्तूच्या पावित्र्याबद्दल पुन्हा शंका घेतली गेली. सतराव्या शतकातील क्वेकर पंथाने तर विधी व उपाध्याय या दोहोंनाही फाटा देऊन मौन प्रार्थनासभेचा मार्ग धरला. रोमन कॅथलिक व अँग्लिकन परंपरेचे म्हणणे असे, की स्थळ स्वतः पवित्र नसले, तरी प्रभुभोजनासारखा संस्कार ही सर्व मंडळीने एकत्र येऊन प्रत्यक्ष करावयाची गोष्ट आहे, केवळ मनात करावयाची नव्हे. या दोन भूमिकांतील ताण पुढे पुण्यातही दिसून येतो.

मराठी मुलुखातील पहिले महत्त्वाचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथे सोळाव्या शतकात देवळे पाडून चर्चे बांधली गेली, म्हणजे स्थळांचाच झगडा झाला. त्याच भूमीत इंग्लंडमधून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. मिस्सा लॅटिनमध्ये होई; पुराण मात्र लोकांच्या भाषेत वाचले जाई. ग्रंथ हातात घेऊन म्हणता येत असल्याने त्यास वेदीची गरज नव्हती. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कानडा प्रांतातील ख्रिस्ती लोकांना बंदिवान करून श्रीरंगपट्टणास नेले आणि त्यांची चर्चे पाडली. त्या बंदिवासात ख्रिस्तपुराणाच्या पठणानेच त्यांची श्रद्धा टिकून राहिली, असे परंपरा सांगते.

पुण्यातील पहिले चर्च पेशवाईतले आहे. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये नाना पेठेच्या बाजूस जागा दिली. या चर्चविषयी पेठांतून कुरबुर झाल्याचे ऐकिवात नाही. परक्या शिपायांचा देव त्यांच्या आवारात होता आणि त्यात कोणाला वावगे वाटण्याजोगे काही नव्हते. तंटा उद्भवला तो शंभर वर्षांनी, ख्रिस्ती उपासना आवाराबाहेर डोकावू लागली आणि पुण्यातील ब्राह्मण आवारात जाऊ लागले तेव्हा. गुरुवार पेठेतील पंचहौद येथे काउलीच्या सेंट जॉन संघाच्या धर्मगुरूंनी पवित्र नाम चर्च बांधले (१८८५). ऑक्टोबर १८९० मध्ये तेथील मिशनमध्ये झालेल्या व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा देण्यात आला. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने हा बेत जमला होता. उपस्थितांची नावे पुणे वैभव या पत्रात प्रसिद्ध झाली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्या. रानडे व लो. टिळक हे दोघेही त्यात गोवले गेले. त्या दिवशी तेथे कोणी प्रार्थना केली नव्हती. प्याला ओठाला लावला की नाही, एवढाच वाद होता. याकोबाच्या विहिरीवरील पहिला प्रश्न पुण्यात असा चहाच्या रूपाने येऊन ठेपला.

पंचहौद मिशनशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते फादर नेहेम्या (नीळकंठशास्त्री) गोऱ्हे (१८२५–९५) हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शन दर्पण हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. व्यक्तिगत श्रद्धा कितीही उत्कट असली, तरी चर्चची परंपरा, उपाध्याय व संस्कार यांवाचून ख्रिस्ती उपासना पूर्ण होत नाही, अशी त्यांची धारणा होती. पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) ख्रिस्ती धर्माकडे वळविण्यात गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा आहे; पण उपासनेच्या बाबतीत शिष्येने गुरूचा मार्ग धरला नाही.

रमाबाईंचे बालपण पवित्र स्थळांतच गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई मुलांना घेऊन एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायी जात, देवळांतून पुराणे सांगत आणि मिळेल त्यावर निर्वाह करीत. दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. आईवडील थोड्याच अवधीत निवर्तले. भारतातील तीर्थांची इतकी प्रत्यक्ष ओळख असलेली दुसरी स्त्री त्या काळी क्वचितच आढळेल. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. फुलॅम येथे वाँटेजच्या भगिनी ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांना आश्रय देत असल्याचे त्यांनी पाहिले आणि हे त्या का करतात, असे विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने शोमरोनी स्त्रीची कथा व खऱ्या उपासनेविषयीचा येशूचा बोध वाचून दाखविला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग नमूद केला आहे. धर्मशास्त्रांनी स्त्रियांना व शूद्रांना मोक्षाचा अधिकार नाकारला, हे शल्य मनात बाळगणाऱ्या विदुषीस तो अध्याय का भिडावा, हे सांगावयास नको. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र पुढच्याच काळात अँग्लिकन भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार वादाचा झाला. चर्चच्या अधिकारापुढे आपली सद्सद्विवेकबुद्धी गहाण ठेवण्यास त्या तयार नव्हत्या. गळ्यातील क्रूसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठी शाळा उघडली. १८९० च्या नोव्हेंबरात ती पुण्यास आली. अमेरिकेतील पाठीराख्यांच्या मंडळाशी ठरल्याप्रमाणे संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नव्हते. मुलींचे सोवळे व जातीचे नियम पाळण्याची सोय होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह रोज बायबल वाचीत व प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले जात नव्हते, तसेच घालवूनही दिले जात नव्हते. ही बातमी पेठांत पसरली. केसरीचे सूत्रधार लो. टिळक त्या काळात सदाशिव पेठेतील विंचूरकर वाड्यात राहत. केसरीने सदनावर धर्मांतराचा आरोप ठेवून पालकांना सावध केले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात दोन्ही बाजूंना काही बळ होते, हे मान्य केले पाहिजे. रानडे व भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे अध्वर्यू होते. मूर्तीवाचून व देवळावाचून उपासना हा त्यांच्या समाजाचा पायाच असल्याने रमाबाईंच्या प्रार्थनेचा त्यांना तत्त्वतः विटाळ नव्हता. मुली अल्पवयीन व सर्वस्वी परावलंबी होत्या, पालकांनी तटस्थतेच्या हमीवर त्यांना पाठविले होते आणि आश्रयदातीचे उघडे दार हेदेखील एक आमंत्रणच असते, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. सदनातील अनेक मुलींनी पुढे खरोखरच बाप्तिस्मा घेतला, यावरून तो आक्षेप निराधार म्हणता येत नाही. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपल्या खोलीतील देवापुढे आपण चोरून बसणार नाही. हिंदू मुलींना आपली व्रतवैकल्ये उघडपणे करण्याची जी मुभा आहे, तीच आपल्यालाही हवी. उपासनेस स्थळाचे बंधन नाही म्हटले, की ती घरातल्या खोलीत येते, आणि खोलीत आली, की घरातील इतरांशी असलेल्या नात्याचा प्रश्न उपस्थित होतो. तटस्थतेची हमी देताना याचा विचार ना पुण्याच्या सल्लागारांनी केला होता, ना बॉस्टनच्या मंडळाने. सदनाची ती अवस्था फार काळ टिकली नाही. १८९६–९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी रमाबाईंनी केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. तेथे उपासना उघडपणे ख्रिस्ती होती. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे सोप्या मराठीतील भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दाराचा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेतला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोन दशकांहून अधिक काळ ते अमेरिकन मराठी मिशनबरोबर मुख्यतः अहमदनगर येथे राहिले. ओवी, अभंग, भजन व कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकारामाच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीपासून अहमदनगर भागात रूढ होऊ लागले होते. त्याचे महत्त्व केवळ संगीताचे नव्हे. कीर्तनास चावडी, अंगण, पार काहीही चालते आणि श्रोत्यास आपला धर्म सांगून आत यावे लागत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. त्यामुळे ते मिशनच्याही टीकेस पात्र झाले. कारण बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ताचे शिष्यत्व मान्य केले, तर चर्चची सीमारेषाच पुसली जाते. हिंदू समाजातून वाळीत पडण्याच्या भीतीने ज्यांनी संस्कार टाळला, त्यांच्यासाठी मात्र दरबाराचे दार हे एकमेव दार होते. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात या वाटचालीची घरगुती बाजू दिसते. त्यांच्या बाबतीत जातीचा अडसर आधी पाण्याच्या भांड्याशी दूर झाला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये घेतला.

टिळकांचे चरित्र लिहिणारे (१९२३) जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. १९२७ च्या सुमारास त्याचा आश्रम पुण्यात शिवाजीनगर येथे आला. भारतीय व युरोपीय सभासदांनी एका पंगतीत जेवावे, साधी राहणी ठेवावी व मराठीत उपासना करावी, हा त्याचा संकल्प होता. व्हेरिअर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात. १९७० च्या दशकाच्या आरंभी या जागी वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी व रोमन कॅथलिक सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनी एकत्र राहू लागल्या. सिस्टर सारा ग्रँट या त्यांपैकी एक. ज्या मठाच्या सहवासात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता, त्याच मठाच्या भगिनींनी पुण्यात कॅथलिक भगिनींसह एका छताखाली उपासना करावी, हे रमाबाईंच्या हयातीत कल्पनेपलीकडचे होते.

गोऱ्हे व रमाबाई यांच्यातील मतभेद अद्याप मिटलेला नाही, याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. करोनाच्या साथीत मार्चपासून महाराष्ट्रातील सर्व उपासनास्थाने बंद होती. ती १६ नोव्हेंबर रोजी पुन्हा उघडण्यात आली. या काळात ज्या मंडळ्यांची उपासना वचन व प्रार्थना यांवर उभी आहे, त्यांनी ती घरोघरी चालू ठेवली. रोमन कॅथलिकांना मिस्सा दूरचित्रवाणीवर पाहता आली, पण प्रत्यक्ष प्रभुभोजन घेता आले नाही. त्याऐवजी मनोमन स्वीकार करण्याची जुनी प्रार्थना त्यांना शिकविली गेली आणि चर्चची दारे उघडताच प्रत्यक्ष सहभागाकडे परतण्यास सांगण्यात आले.