न उकलतां ओळखलेलें यंत्र

जुनें यंत्र उकलून त्याचे भाग ओळखणें कुशल कारागिरास कठीण नाहीं. परंतु हात लावतांच ज्याचा चुरा होईल, त्याचें काय करावें?

ग्रीस देशांतील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या एका प्राचीन जहाजांतून पाणबुड्यांनीं १९०१ सालीं पुतळ्यांबरोबर गंजलेल्या कांशाचा एक गोळा वर आणला. पुढील वर्षीं अथेन्सच्या संग्रहालयांत व्हॅलेरिओस स्टाइस यांस त्यांत दंतचक्र दिसलें. दोन हजार वर्षांपूर्वीं असें यंत्र असेल, हें पुष्कळांस पटेना.

डेरेक प्राइस यांनीं १९५९ सालीं त्यास प्राचीन ग्रीक गणकयंत्र म्हटलें, व १९७१ पासून काराकालोस यांच्या साहाय्यानें क्षकिरणांनीं त्याचें अंतरंग पाहिलें. तथापि छायाचित्रांत एका चक्राची छाया दुसऱ्यावर पडे. दांते नक्की मोजतां येत ना. आणि येथें तर एका दांत्याच्या चुकीनें सारा अर्थ बदलतो.

अखेर २००५ सालीं आठ टनांचें क्षकिरणयंत्र इंग्लंडहून अथेन्सला नेण्यांत आलें, आणि भग्नावशेषांचा थरामागून थर दिसूं लागला. एका मोठ्या चक्राचे दांते २२३ ठरले. २२३ चांद्रमासांनीं, म्हणजे सुमारें अठरा वर्षांनीं, ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. तेव्हां हें चक्र ग्रहणें वर्तविण्यासाठींच होतें!

आज ८२ तुकडे व ३० चक्रें हातीं आहेत. उरलेलें बहुधा समुद्रानें गिळलें. कर्त्याचें नांव अज्ञात आहे. पण त्याचें गणित त्याच्या दांत्यांनीं जपून ठेविलें.