शिकारीची दुर्बीण : आकडा, उजेड आणि किंमत

मराठीतील ‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आलेला आहे. ‘दूर’ हे विशेषण आणि ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूचे ‘बीन’ हे रूप यांच्या संयोगाने तो सिद्ध झाला. दूरचे दाखविणारे ते यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. ते एका डोळ्याने वापरावयाचे की दोन डोळ्यांनी, भर दुपारी की तिन्हीसांजेला, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. ग्राहकाच्या मनातील कल्पनाही बहुधा या शब्दाइतकीच एकेरी असते. दूरचे जितके मोठे दिसेल तितकी दुर्बीण चांगली, असे तो समजतो. आणि पैसा बेताचा असला म्हणजे थोड्या किमतीत अधिकात अधिक ‘पॉवर’ मिळविण्याची खटपट करतो. शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या द्विनेत्री दुर्बिणीचा इतिहास पाहिला असता ही समजूत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात शिरण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

द्विनेत्री दुर्बिणीची कल्पना दुर्बिणीइतकीच जुनी आहे. १६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्ग येथील चष्मे करणारा कारागीर हान्स लिपरशे याने नेदरलंड्सच्या राज्यसभेकडे आपल्या यंत्राचे एकस्व मागितले. तेव्हा सभेने त्याला दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे यंत्र करून दाखविण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने ते करून दिले. ही विद्या इतरांसही अवगत असल्याच्या कारणावरून त्याला एकस्व नाकारण्यात आले. मोबदला मात्र मिळाला. पुढे सुमारे अडीच शतके या कल्पनेची फारशी प्रगती झाली नाही. बहिर्गोल वस्तुभिंग आणि अंतर्गोल नेत्रभिंग यांची जी जोडी गॅलिलिओच्या नावाने ओळखली जाते, तिच्यातून प्रतिमा सुलट दिसते खरी. परंतु विशालन तीन-चार पटींपलीकडे नेले की दृष्टिक्षेत्र फारच आकुंचित होते. केप्लरने १६११ साली सुचविलेल्या रचनेत क्षेत्र मोठे मिळते; पण प्रतिमा उलटी पडते आणि ती सुलट करण्यासाठी जादा भिंगे घातली की नळी लांबच लांब होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्ना व पॅरिस येथे नाट्यगृहासाठी ज्या जोडनळ्या निघाल्या, त्या पहिल्या प्रकारच्या होत्या. त्या काळच्या शिकाऱ्याजवळ एक तर अशी अल्पशक्तीची जोडनळी असे, नाहीतर एका डोळ्याची लांब दुर्बीण.

ही कोंडी इटालियन अभियंता इग्नात्सिओ पोरो याने फोडली. दोन लोलकांत प्रकाशकिरण परावर्तित करून प्रतिमा सुलट करावयाची आणि त्याबरोबरच नळीची लांबीही घडी घालून कमी करावयाची, या युक्तीचे एकस्व त्याने १८५४ साली घेतले. परंतु त्या काळी पुरेशी निर्दोष काच मिळत नसल्याने ही युक्ती मागे पडली. येना येथील एर्न्स्ट आबे यालाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती आणि त्याच्याही मार्गात तीच अडचण आली. १८८४ साली ओटो शॉट याच्या सहभागाने येना येथे काचेचा कारखाना निघाला, तेव्हा ती दूर झाली. पोरोच्या अग्रक्रमामुळे लोलकांचे एकस्व आबेला मिळू शकले नाही. दोन वस्तुभिंगांमधील अंतर डोळ्यांतील अंतरापेक्षा अधिक ठेवण्याच्या रचनेचे एकस्व मात्र मिळाले, आणि १८९४ पासून त्साइस कारखान्याच्या चार, सहा व आठ पट विशालनाच्या दुर्बिणी बाजारात आल्या. आधुनिक द्विनेत्री दुर्बिणीचा आरंभ येथून धरावयास हरकत नाही.

दुर्बिणीवर ८×३०, ७×५० असे जे दोन आकडे असतात, त्यांपैकी पहिला विशालनाचा व दुसरा वस्तुभिंगाच्या मिलिमीटरांतील व्यासाचा. ग्राहक वाचतो तो बहुधा पहिलाच. वास्तविक दुसऱ्यास पहिल्याने भागले म्हणजे जी संख्या येते तीच संधिप्रकाशात निर्णायक ठरते. कारण नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा तो व्यास होय. ८×३० मध्ये हे वर्तुळ ३.७५ मिलिमीटर, ८×५६ मध्ये ७ मिलिमीटर, तर २०×५० मध्ये अवघे २.५ मिलिमीटर असते. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे सात मिलिमीटर विस्फारते. वय वाढते तशी ती पाचाच्या आसपास येते. बाहुली मोठी आणि वर्तुळ लहान असले म्हणजे प्रतिमा तितकीच काळवंडते. सहा मिलिमीटर विस्फारलेल्या डोळ्याला २०×५० पेक्षा ८×५६ मधून पाचपटींहून अधिक उजळ प्रतिमा मिळते. शिवाय हाताचा कंपही विशालनाबरोबर वाढतो. दहा पटींच्या पुढे बहुतेकांच्या हाती प्रतिमा स्थिर राहत नाही, आणि जी स्थिर नाही ती मोठी असूनही नीट वाचता येत नाही.

जर्मन भाषिक प्रदेशातील शिकाऱ्यांनी ही गोष्ट गणिताच्या आधी भाषेत नोंदवून ठेवली होती, असे म्हणता येईल. तेथे शिकारीची स्वतंत्र परिभाषा आहे. वनातून हळूहळू चालत सावजाचा माग घेणे याला ‘पिर्श’ म्हणतात. मचाणावर बसून वाट पाहणे याला ‘अन्झित्स’. पहिल्या प्रकारासाठी हलकी दुर्बीण, दुसऱ्यासाठी मोठ्या भिंगाची ‘रात्रीची काच’, असा भेद त्यांच्या व्यवहारात रूढ झाला. म्हणजे दुर्बिणीचे नाव तिच्या शक्तीवरून न पडता शिकाऱ्याच्या वेळेवरून व बैठकीवरून पडले. त्याहून अर्थपूर्ण शब्द ‘अन्श्प्रेखेन’ हा आहे. सामान्य जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘एखाद्याशी बोलू लागणे’ किंवा ‘संबोधणे’ असा होतो. शिकाऱ्यांच्या भाषेत मात्र समोरच्या जनावराची जात, लिंग, वय व प्रकृती यांची खात्रीने ओळख पटविणे असा त्याचा अर्थ आहे. बंदूक उचलण्यापूर्वी जनावराला ‘संबोधिले’ पाहिजे, हा त्या व्यवसायाचा पहिला पाठ होय.

हा केवळ शिष्टाचार नव्हे. पश्चिम जर्मनीच्या १९५२ च्या शिकार कायद्याने हरणांसारख्या खुरवाल्या प्राण्यांची किती व कोणती जनावरे मारावयाची याची योजना आवश्यक ठरविली. रानडुकराला या योजनेतून आणि रात्रीच्या शिकारबंदीतूनही वगळले. परंतु पिलांच्या संगोपनास आवश्यक असलेल्या मातापित्यांना विणीच्या काळात मारण्यास बंदी केली. यास्तव चांदण्या रात्री मचाणावर बसलेल्या शिकाऱ्यापुढे खरा प्रश्न डुक्कर किती मोठे दिसते हा नसून, ती पिलांची आई आहे काय, हा असतो. कृत्रिम उजेडाला मनाई असता याचे उत्तर भिंगाने गोळा केलेल्या उजेडातूनच मिळवावे लागे. मध्य युरोपात ८×५६ ही शिकाऱ्याची खास दुर्बीण ठरली ती याच कारणाने. अलीकडे रानडुकरांपुरते काही प्रांतांत उपकरणांवरील निर्बंध शिथिल झाले आहेत, परंतु ओळख पटविण्याची जबाबदारी सुटलेली नाही.

उजेडाच्या या प्रश्नात आणखी एक सुधारणा महत्त्वाची ठरली. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून चार ते पाच टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या लोलक-दुर्बिणीत अशी दहा पृष्ठे असतात; म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक प्रकाश वाटेतच गळतो. १९३५ साली त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला याने भिंगावर अतिसूक्ष्म लेप चढवून ही गळती रोखण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा लेप सर्वसामान्य दुर्बिणीवरही येऊ लागला. विशालनाचा आकडा तोच राहिला, पण दिसणे सुधारले. आकड्यात न मावणाऱ्या गुणाचे हे उत्तम उदाहरण होय.

दुर्बीण स्वस्त झाली तीही याच काळात. त्यापूर्वी ती किती दुर्मिळ होती याची कल्पना एका प्रसंगावरून येते. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये लॉर्ड रॉबर्ट्स यांना सैन्यासाठी शिकाऱ्यांकडील व शर्यतीच्या शौकिनांकडील दुर्बिणी मागण्याचे आवाहन करावे लागले होते. १९४५ नंतर उलट स्थिती झाली. सैन्याकडील शिल्लक दुर्बिणी बाजारात आल्या आणि टोकियोच्या इताबाशी भागातील लहान लहान कारखान्यांतून जपानी दुर्बिणींची निर्यात वाढली. मालाच्या दर्जाविषयी विश्वास वाटावा म्हणून जपानी शासनाने १९५७ साली निर्यात-तपासणीचा कायदा केला. १९५९ च्या कायद्यानंतर कारखानदारांची नोंदणी होऊन दुर्बिणीवर ‘जे बी’ व ‘जे ई’ या अक्षरांनी आरंभ होणारे संकेतांक उमटू लागले. जुन्या जपानी दुर्बिणीचा कर्ता शोधणाऱ्यास आजही त्यांचा उपयोग होतो.

परंतु स्वस्ताईबरोबर आकड्याची भूलही वाढली. साधारण ग्राहकाला काचेची पारख नसते. आकडा मात्र वाचता येतो. यात एका शास्त्रीय मानानेही नकळत भर घातली. विशालन व व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे ‘डेमरुंग्सत्साल’, अर्थात संधिप्रकाशांक. या हिशेबाने ८×५६ ला सुमारे २१ गुण मिळतात, तर २०×५० ला जवळजवळ ३२. वर दाखविल्याप्रमाणे वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. कारण या सूत्रात भिंगाचा दर्जा, लेप आणि हाताचा कंप यांना स्थानच नाही. सूत्र खोटे नव्हे. पण संदर्भ सुटलेला शब्द जसा फसवितो, तसाच संदर्भ सुटलेला आकडाही फसवितो.

मोठ्या विशालनाला स्थान नाही असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उघड्या डोंगराळ मुलुखात भर उजेडात मैलांवरची उतरण न्याहाळणारा शिकारी पंधरा पटींची दुर्बीण तिकाटण्यावर बसवून वापरतो, आणि ते योग्यच आहे. तेथे उजेड मुबलक असतो व कंपाचा भार तिकाटणे घेते. तिकाटण्याचा खर्च न धरता केवळ दुर्बिणीचा आकडा वाढविणे हे मात्र पैसे वाया घालविणे होय.

बेताच्या पैशात निवड करणाऱ्यास या इतिहासातून काही निश्चित सूत्रे मिळतात. सरळ नळीच्या दुर्बिणीत वापरला जाणारा छपरी लोलक घडविताना त्याच्या कडेचा कोन काही विकलांइतक्या काटेकोरपणे साधावा लागतो. शिवाय त्यात प्रकाशलहरींत जो कलाभेद पडतो तो दूर करणारा लेप त्साइसने १९८८ साली आणला. तो नसेल तर प्रतिमा मंदावते. हा सर्व खर्च किमतीत येतो. म्हणून किंमत कमी असता पोरोच्या जुन्या रचनेची दुर्बीण त्याच किमतीच्या छपरी लोलकाच्या दुर्बिणीपेक्षा सहसा सरस ठरते. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहिले असता नेत्रभिंगातील वर्तुळ पूर्ण गोल व सारखे उजळ दिसावे. त्याच्या कडा कापल्यासारख्या चौकोनी व करड्या दिसल्या तर लोलकाची काच हलकी समजावी. दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर नसतील तर डोळे दुखू लागतात, आणि हा दोष विशालनाबरोबर वाढतो. स्वस्त व अतिशक्तिमान दुर्बीण नेमकी येथेच उघडी पडते. पन्नाशी उलटलेल्या शिकाऱ्याने सात मिलिमीटरच्या वर्तुळासाठी किलोभराचे ओझे गळ्यात बाळगण्याचे कारण नाही. ८×४० त्याला पुरेशी होते. अधिक शक्तीची हौस असल्यास १०×५० ही हाती धरण्याच्या दुर्बिणीची सामान्यतः मर्यादा समजावी.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा अध्याय संपला आहे, आणि ते इष्टच झाले. येथील दुर्बीण आता पक्षिनिरीक्षकाच्या व वनरक्षकाच्या गळ्यात आहे. पण पहाटेच्या धूसर उजेडात झाडीतील पाखराची जात ओळखणाऱ्यालाही तीच अडचण येते व तोच नियम लागू पडतो. ‘दुर्बीण’ हा शब्द दूरचे दिसण्यापाशी थांबतो. ‘अन्श्प्रेखेन’ हा त्यापुढे जाऊन दिसले ते कोण, याचे उत्तर मागतो. दुकानात दुर्बीण हाती घेताना ती किती पटींची, हे विचारण्याआधी आपण कोणत्या वेळी, कोठे बसून, कोणाला ओळखू पाहणार आहोत हे स्वतःस विचारले, तर थोड्या पैशातही सहसा फसगत होणार नाही.