रमजान : कामठीतील प्रथा व लोकजीवन

इस्लामी कालगणनेतील नवव्या, म्हणजे उपवासाच्या महिन्यात कामठी (जि. नागपूर) येथील मुस्लिम समाजात पाळल्या जाणाऱ्या रीतिभाती. रोज्याचे धर्मनियम सर्वत्र सारखेच असतात. मात्र त्यांभोवतीचे खाणेपिणे, बाजार, दानाच्या वाटा आणि रात्रीची वर्दळ यांवर गावाच्या घडणीची छाप पडते. कामठीत ही छाप छावणी, हातमाग आणि विडी या तिन्हींची आहे.

शब्द : ‘रोजा’ हा शब्द फार्सी ‘रोज’ (दिवस) यावरून आला. मराठीतील रोज, रोजमुरा आणि रोजंदारी हे शब्दही त्याच मुळातले. अरबीत उपवासाला ‘सौम’ म्हणतात. कामठीच्या बोलीत रोजा ‘ठेवतात’ आणि सूर्यास्ताला ‘खोलतात’ किंवा ‘उघडतात’. ‘रोजा तोडणे’ म्हणजे मुदतीपूर्वी तो मोडणे, आणि हा दोष मानला जातो. मराठी माणूस मात्र उपास ‘सोडतो’, आणि तोच शब्द तो शेजाऱ्याच्या रोज्यालाही लावतो. ‘जकात’ या शब्दाचीही अशीच फारकत झाली आहे. मराठीत तो गावाच्या वेशीवर भरायच्या कराचे नाव झाला, तर मुस्लिम घरांत तो धर्माने अनिवार्य केलेल्या दानाचे नाव राहिला.

मराठी दप्तराला हा महिना परका नव्हता. मराठेशाहीतील पत्रांवर ‘छ’ या खुणेने इस्लामी चांद्र महिन्याची तारीख घालण्याचा प्रघात होता. त्यामुळे रमजान, सवाल (शव्वाल), मोहरम ही महिन्यांची नावे मोडी वाचणाऱ्या कारकुनाच्या नित्य वापरात असत.

गावाची पार्श्वभूमी : कामठी नागपूरच्या ईशान्येस सुमारे १६ किमी. अंतरावर कन्हान नदीकाठी वसले आहे. १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली गेले आणि १८२१ मध्ये येथे लष्करी छावणी स्थापन झाली. छावणीत प्रामुख्याने मद्रास फौजेच्या पलटणी असल्याने दक्षिणेतील मुस्लिम शिपाई व त्यांची कुटुंबे येथे आली. नागपूरच्या ताजबाग येथे ज्यांचा दर्गा आहे ते ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) कामठीतच, अशाच एका लष्करी कुटुंबात जन्मले.

दुसरा ओघ उत्तरेकडून आला. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात आजच्या उत्तर प्रदेशातील मोमिन (अन्सारी) विणकर मोठ्या संख्येने दक्षिणेकडे सरकले. मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर, नागपूरचा मोमिनपुरा आणि कामठी ही त्यांच्या वस्तीची प्रमुख ठिकाणे. रेल्वे आल्यावर कामठीचा व्यापार नागपूरकडे वळला आणि पुढे छावणीतील फौजही कमी झाली. १८८१ नंतरच्या दोन दशकांत लोकसंख्या सतत घटत गेली; १९०१ च्या जनगणनेत ती ३८,८८८ होती. व्यापारी व शिपाई उठून गेले तरी माग आणि विडी टिकून राहिली. वारिसपुरा, इस्माईलपुरा, भाजी मंडी, हैदरी चौक, सैलाबनगर, बुनकर कॉलनी या भागांतील रमजान हा मुख्यतः हाताने काम करणाऱ्या लोकांचा रमजान आहे. त्यांतील ‘बुनकर’ हे नावच विणकरांची आठवण सांगते.

चांद व महिना : शाबान महिन्याच्या २९ व्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली तर दुसऱ्या दिवशी पहिला रोजा धरतात; न दिसल्यास शाबानचे ३० दिवस पुरे करतात. दर्शनाची ग्वाही स्थानिक उलेमा (धर्मपंडित) तपासतात आणि मशिदीतून घोषणा होते. दाऊदी बोहरा समाज गणिताने ठरवलेली दिनदर्शिका मानत असल्याने त्याचा महिना बहुधा एक-दोन दिवस आधी सुरू होतो. शाबानच्या पंधराव्या रात्री येणारी शबे-बरात ही रमजानची चाहूल. घरांची झाडलोट, भिंतींची सफेदी आणि सामानाची भरणी तेव्हापासून सुरू होते.

इस्लामी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. हिंदू पंचांगातील अधिक मासासारखी सोय त्यात नसल्याने रमजान दर वर्षी १० ते ११ दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. विदर्भात या फिरण्याला विशेष अर्थ आहे. कामठीच्या अक्षांशावर जूनमधील रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सुमारे पावणेपंधरा तासांचा, तर डिसेंबरातील सव्वाबारा तासांच्या आतबाहेर असतो. २०१८ ते २०२० या वर्षांत रमजानचे बरेच दिवस मे महिन्यात आले. तेव्हा पारा ४५ अंशांच्या घरात असताना पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढावा लागला. २०२५ मध्ये तो २ मार्चला सुरू झाला.

सहरी : पहाटेपूर्वीचे जेवण. जुन्या मोमिन वस्त्यांत रोजेदारांना जागे करण्यासाठी तरुणांचे काफिले नात व हम्द (पैगंबरांची व ईश्वराची स्तुती) गात गल्लीबोळांतून फिरत. अशी फेरी काढणाऱ्यांना ईदच्या दिवशी घरोघरी बक्षिशी देण्याची रीत होती. पुढे ध्वनिवर्धक आले आणि त्यानंतर मोबाईलचे गजर. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर निर्बंध घालणारे नियम २००० मध्ये लागू झाल्यानंतर पहाटेच्या पुकाऱ्यालाही मर्यादा आली. सहरीच्या ताटात रात्रीचे सालन व पोळी, दही, केळी आणि दुधात भिजवलेली फेणी किंवा खजला असतो. हे दोन्ही मैद्याचे तळलेले पदार्थ असून त्यांचे ढीग रमजानमध्येच दुकानांत दिसतात. घरात सर्वांत आधी उठते ती बाई, आणि निजायलाही तीच शेवटची.

दिवसाचे काम : रोजा हातमागाच्या घरात शिरला की कामाचे तास सरकतात. माग घरातच असल्याने सहरी व फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतरच्या गारव्यात धोटा चालवता येतो आणि दुपारी विसावा घेता येतो. हातमाग मागे पडत गेला तसा मजुरी, दुकानदारी व वाहनचालकीकडे वळलेल्यांना ही सवलत उरली नाही.

विडीकामाचे गणित निराळे आहे. कामठी हे विडी कामगारांचे जुने केंद्र. येथीलच बाबू हरदास (१९०४–३९) यांनी मध्य प्रांतातील विडी मजुरांना संघटित केले होते. विडीची मजुरी हजारी हिशोबाने मिळते. वळणारे बोट मंदावले की मजुरी घटते, आणि घरखर्च तर याच महिन्यात सर्वाधिक असतो. धूम्रपानाने रोजा मोडतो. म्हणून दिवसभर सुपात तेंदूपाने व तंबाखू घेऊन बसलेल्या रोजेदाराला त्यातली एकही विडी सूर्यास्तापूर्वी पेटवता येत नाही.

आजारी, प्रवासी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना रोज्यातून सूट आहे. ऋतुकाळात स्त्रिया रोजा ठेवत नाहीत. सुटलेले रोजे नंतर ‘कजा’ म्हणून भरून काढतात. कायमच्या आजारामुळे ते शक्य नसल्यास प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला अन्न देतात. यास ‘फिदिया’ म्हणतात. उर्दू शाळा या महिन्यात बहुधा सकाळच्या सत्रात भरवतात.

इफ्तार : सूर्यास्ताला रोजा उघडण्याचा विधी. खजूर व पाण्याने सुरुवात करणे ही पैगंबरांची रीत (सुन्नत) मानली जाते. त्यानंतर भिजवलेले किंवा परतलेले चणे, कांदाभजी, समोसे, दहीवडे, गुलाबी सरबत आणि चिरलेली फळे दस्तरखानावर येतात. उन्हाळ्यातील रमजानात टरबूज व डांगर (खरबूज) यांना मोठी मागणी असते. विदर्भातील नद्यांच्या कोरड्या पात्रांत रेतीवर पिकणारी ही फळे कामठीच्या बाजारात हातगाडीवर येतात. असरच्या (दुपारनंतरच्या) व मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजांमधील तासाभरात गल्लीच्या तोंडाशी कढया लागतात. अजान होताच रस्ता क्षणात रिकामा होतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा भरतो.

मशिदीत इफ्तार पाठवणे हे पुण्याचे मानतात. परातीत एकाच्या घरची भजी, दुसऱ्याची फळे आणि तिसऱ्याचे चणे एकत्र करून प्रवासी, मजूर, भिक्षेकरी अशा सर्वांना एका पंगतीत बसवतात. शेजाऱ्यांच्या घरी झाकलेली बशी पाठवण्याची चाल हिंदू व बौद्ध शेजारापर्यंतही पोहोचते. बशी रिकामी परत करायची नाही हा संकेत दोन्हीकडे पाळला जातो. राजकीय पक्षांच्या इफ्तार मेजवान्या हा अलीकडचा प्रकार आहे.

रोजा कुशाई : मुलाने किंवा मुलीने ठेवलेल्या पहिल्या पूर्ण रोज्याचा सोहळा. बालवयात रोजा बंधनकारक नसतो. तरी सात-आठ वर्षांची मुले हट्टाने तो धरतात. त्या दिवशी मुलाला नवे कपडे व फुलांचे हार घालतात. नातलगांना इफ्तारला बोलावतात आणि ते मुलाला भेटी व पैसे देतात. दिवसभर त्याचे मन रमवण्याची जबाबदारी आजी-आजोबांकडे असते. मुंजीइतके विधी यात नसले, तरी मूल ‘मोठ्यांत आले’ अशी घरची भावना तीच असते.

तरावीह व रात्र : इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर होणारी रमजानची खास नमाज. हनफी परंपरेत ती २० रकातींची (आवर्तनांची), तर अहले हदीस परंपरेत ८ रकातींची असते. कुराण मुखोद्गत असलेला हाफिज रोज थोडा थोडा भाग म्हणत महिन्याभरात ३० पारे (भाग) पूर्ण करतो. अनेक मशिदींत ही समाप्ती २७ व्या रात्री होते. तेव्हा हाफिजाचा सत्कार करून मिठाई वाटतात. स्त्रिया बहुतांशी घरीच नमाज व कुराणपठण करतात.

महिन्याचे तीन ‘अशरे’ (दशक) मानतात : पहिला कृपेचा, दुसरा क्षमेचा आणि तिसरा नरकापासून मुक्तीचा. शेवटच्या दशकात काही पुरुष मशिदीत ‘ऐतकाफ’ला, म्हणजे एकांत उपासनेला बसतात; मोहल्ल्यातून एक तरी माणूस बसावा असा दंडक आहे. २१, २३, २५, २७ व २९ या विषम रात्रींपैकी एक रात्र कुराण-अवतरणाची, म्हणजे ‘शबे-कद्र’ मानली जाते आणि २७ वी विशेष जागवली जाते. महिन्यातील अखेरच्या शुक्रवारला ‘अलविदा जुम्मा’ म्हणतात.

जकात व फितरा : ५२॥ तोळे चांदी (सुमारे ६१२ ग्रॅ.) किंवा ७॥ तोळे सोने (सुमारे ८७ ग्रॅ.) अथवा त्यांच्या किमतीइतकी बचत वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे २.५ टक्के, गरजूंना द्यायचा असतो. जकात कोणत्याही महिन्यात देता येते. रमजानमधील पुण्य अधिक मानल्याने ती बहुधा याच महिन्यात निघते. फितरा मात्र ईदशी बांधलेला आहे. घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेही, हनफी हिशोबाने सुमारे १.६ ते २ किग्रॅ. गहू किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजपूर्वी द्यावी लागते. दर वर्षी तिचा आकडा स्थानिक उलेमा जाहीर करतात. मजुरीवर जगणाऱ्या गावात या दोन दानांना व्यवहारात मोठे मोल आहे. रोज्यामुळे ज्याची रोजंदारी घटली त्याच्या घरी ईदच्या शेवया त्यांतूनच शिजतात. मदरसेही या महिन्यातील वर्गणीवर वर्षाचा बराचसा खर्च भागवतात.

चांदरात व ईद : शव्वालचा चंद्र दिसताच बाजार रात्रभर उघडे राहतात. बांगड्या, मेंदी, टोप्या, अत्तर, चपला यांच्या दुकानांत गर्दी लोटते आणि शिंप्यांचे दिवे पहाटेपर्यंत विझत नाहीत. महाराष्ट्रात ईद-उल-फित्रला ‘रमजान ईद’ म्हणतात आणि सरकारी सुट्ट्यांच्या यादीतही तेच नाव रूढ आहे. सकाळी ईदगाहवर व मशिदींत दोन रकातींची नमाज होते. तिला अजान नसते आणि खुतबा (प्रवचन) नमाजनंतर होतो. जाण्याची वाट एक व परतण्याची दुसरी ठेवतात, कब्रस्तानात जाऊन फातेहा वाचतात, गळाभेटी घेतात आणि लहानांना ‘ईदी’ देतात.

ईदच्या गोडात गावाचे दोन्ही ओघ दिसतात. दूध, खारीक व सुकामेवा घालून केलेला पातळ शीरखुर्मा ही दख्खनी चाल; भाजलेल्या बारीक शेवया खवा व पाकात मुरवून केलेली सुकी किमामी शेवई ही पूर्व उत्तर प्रदेशातली. कामठीत पाहुण्यापुढे दोन्ही वाट्या येतात.

अलीकडील बदल : २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मशिदींतील सामूहिक नमाज बंद होती. तरावीह घराघरांत झाली आणि २५ मे रोजीची ईदही घरातच साजरी झाली. २०२१ च्या ईदलाही निर्बंध होते. सहरी-इफ्तारची छापील वेळापत्रके आता मोबाईलवर फिरतात, तरी दुकानांच्या जाहिराती असलेले कागदी वेळापत्रक अजून भिंतीवर चिकटवले जाते. रमजान सध्या हिवाळ्याकडे सरकत आहे. २०३० या एकाच इसवी वर्षात त्याचा आरंभ दोनदा होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व डिसेंबरच्या अखेरीस. त्या वर्षी कामठीतील रोजा वर्तुळातील सर्वांत लहान, सव्वाबारा तासांच्या आसपास असेल.