चारही चाकं फिरली पाहिजेत

आमच्या दारात एक जुनी महिंद्रा जीप उभी आहे. फोर-व्हीलवाली. बाबांनी १९८७ साली ती जुनीच विकत घेतली आणि मागची बाकडी काढून धानाची पोती ठेवायला जागा केली. आता बाबा नाहीत, पण गाडी आहे. ती अजून का चालते, हे सांगायचं म्हणजे थोडा मागचा इतिहास सांगावा लागेल.

जीप ही मुळात फौजेची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांवर गाड्या बनवल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीजचे भाग आणून मुंबईत जीप जोडायचं काम त्यांनीच सुरू केलं. लढाईसाठी जन्मलेली गाडी अशी फिरत फिरत आमच्या चुलबंद नदीकाठच्या धानाच्या बांध्यांत आली.

आमची जमीन कन्हार. रोवणीच्या दिवसांत पांदीत बैलबंडीचं चाक आऱ्यापर्यंत रुतते. तिथं ही गाडी निघते, कारण गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन लहान दांडे आहेत. एक ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, दुसरा ओढला की गाडी हळू पण ताकदीनं चालते. पण पुढचा दांडा डांबरी सडकेवर लावून ठेवायचा नाही. वळणावर पुढची-मागची चाकं कमीजास्त फिरायला पाहतात आणि आतले दाते ताणतात. म्हणून चारही टायरसुद्धा एकाच मापाचे लागतात.

बाबा सातवी शिकलेले, पण त्यांचा नेम पक्का. दीड हजार किलोमीटरला ग्रीस, पावसाळ्यात दर आठवड्याला. आधी निप्पल चिंधीनं पुसायचा, नाहीतर ग्रीससोबत मातीही आत जाते. मग जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन दाबायची. खोल पाण्यातून गाडी काढली की दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियलचा खालचा बोल्ट जरासा ढिला करून पाहायचं. पाणी जड, ते तळाशी बसते. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सगळं बदलायचं. गरम झालेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, म्हणून हवेची बारीक नळीही साफ ठेवायची. आणि गरज असो-नसो, महिन्यातून एकदा ओल्या बांधीत पुढचा दांडा ओढून गाडी फिरवायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून झाले की बाबा हात न धुता गाडीखाली शिरत. मी हसलो की म्हणत, "बैलाचे खांदे शेकता नं, मंग गाडीले ग्रीस कायले नाही?"

१९९३ च्या उन्हाळ्यात पुढच्या जॉइंटचा क्रॉस खटखट वाजायला लागला. मिस्त्रीनं पुढचा शाफ्ट काढून ठेवला, क्रॉस आणून द्या म्हणाला. मी म्हटलं, पुढची चाकं रोज कुठं लागतात? तीन-चार महिने मी क्रॉस आणलाच नाही. रोवणीत एका रात्री शेजारच्या काकांना घोणस चावली. त्यांना गाडीत घालून साकोलीला निघालो. पांदीतल्या नाल्यात मागची चाकं जागीच फिरू लागली. सवयीनं दांडा ओढला, आणि मग आठवलं की पुढं शाफ्टच नाही. गावातून बैलजोडी आणून गाडी ओढेपर्यंत दीड तास गेला. काका वाचले, पण पाय चिघळला आणि ते जन्मभर लंगडत चालले. मला त्यांनी कधी काही म्हटलं नाही. बाबाही काही बोलले नाहीत. सकाळच्या पहिल्या बसनं जाऊन क्रॉस घेऊन आले आणि स्वतः गाडीखाली शिरले.

आमच्या जिल्ह्यातल्या मालगुजारी तलावांचंही असंच झालं. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पिढ्यान् पिढ्या टिकले, कारण दरवर्षी गाव पाळीवर माती टाकत होतं, पाट उपसत होतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं, पण बऱ्याच गावांत पाळीवर माती टाकायचा नेमही तिच्यासंगं गेला. तलाव एका दिवसात गाळानं भरत नाही. आज नाही उद्या, असं म्हणता म्हणता भरतो.

मुलगा म्हणतो, विकून टाका, सुटे भाग मिळत नाहीत. त्याचं खोटं नाही. पण अजून पावसाळ्यात रात्री कोणाचं दुखलं-खुपलं की लोक आमच्याच दारी येतात. काल ओल्या बांधीत त्याला स्टिअरिंगवर बसवलं, दांडा ओढायला लावला आणि मी धुऱ्यावर उभा राहून पुढची चाकं पाहिली. दोन्ही फिरत होती.